एका गावातले दोन फायविश

आमच्या तुरोवित्झ या ज्यू वस्तीच्या गावात फायविश नावाची दोन माणसं होती आणि दोघांचाही पत्ता नाकाने सापडायचा. नदीकाठी चरबीचा आणि राखेच्या पाण्याचा उग्र वास आला की समजायचं, साबणवाल्या फायविशचं घर आलं. बाजारामागच्या गल्लीत आंबलेली खळ आणि उकळता सरस नाकात शिरला की बांधणीवाल्या फायविशचं. हा दुसरा माझा मामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ.

गावातली निम्मी प्रार्थनेची पुस्तकं त्याने शिवलेली होती. वाचायचा मात्र बेताचंच. प्रार्थनाघरात कोणी चिडवलं, "अरे, एवढी शास्त्रं तुझ्या हाताखालून जातात, दोन ओळी डोक्यातही जाऊ देत की," तर म्हणायचा, "मी पुस्तकाची पाठ बघतो, पोट नाही. पोटात काय आहे ते रब्बींनी बघावं."

मामाने लग्न केलं नाही. आमच्यात बिनलग्नाचा पुरुष म्हणजे एका चाकाची गाडी. शब्बाथच्या, आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाला तो आमच्याच टेबलाशी बसायचा, माशाचं डोकं त्याच्या ताटात पडायचं आणि तो गेल्यावर आई उगाचच भांडी जोरात घासायची. त्यामागची गोष्ट मला तिच्याकडूनच कळली, शुक्रवारी कणीक मळताना, तुकड्यातुकड्याने. एक तुकडा मी स्वतः पाहिलेला आहे. तोही सांगेन.

मामा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. साबणवाल्याची मुलगी मिंडल वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन त्याच्या दुकानात आली. वीस वर्षांची, हात क्षाराने लाल झालेले, बोलणं तिखट.

"उंदराने खाल्लंय," ती म्हणाली.

"कुठपर्यंत?"

"पश्चात्तापाच्या प्रार्थनेपर्यंत. तिथे त्याच्या पोटात कळ आली असावी."

काम तीन दिवसांचं होतं. मामाने तीन आठवडे लावले. मिंडल एक दिवसाआड यायची. "बांधणीवाले, झालं का?" विचारायची, आणि झालं नाही हे ऐकून खूश होऊन जायची. त्याला नावाने हाक ती मारूच शकत नव्हती. बापाचं नाव लेकराने तोंडातून काढायचं नाही हा आमचा नियम आहे, आणि बापाचंही नाव फायविश.

गोष्ट अडली ती तिथेच. सासरा आणि जावई एका नावाचे असू नयेत, असा एका जुन्या धर्मगुरूंचा दंडक आमच्याकडे चालत आलेला आहे. का, ते कोणी नीट सांगत नाही. कोणी म्हणतं, मृत्यूचा दूत एकाला न्यायला येईल आणि चुकून दुसऱ्याला उचलेल. कोणी म्हणतं, आजोबा गेल्यावर नातवाला त्यांचं नाव देता येणार नाही, कारण बाप त्याच नावाने जिवंत असेल, आणि जिवंत माणसाचं नाव बाळाला देणं म्हणजे त्याच्या उरावर बसणं.

साबणवाला स्वभावाने मोकळा होता. तो बाजारात सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरगा चांगला आहे. बायकोने 'फायविश, जेवायला ये' म्हटलं तर दोघं धावू, त्याचं मला काही नाही. पण उद्या वरून हाक आली तर पुढे कोणी व्हायचं, ते आधी ठरवून द्या!"

लोक हसले. माझी आजी ट्रायना, मामाची आई, हसली नाही. पाच मुलांतली दोनच तिच्या हाती राहिली होती. दूत, हाक, असल्या शब्दांवर ती हसत नसे.

शेवटी मामा रब्बींकडे गेला. रब्बी झोरख म्हणजे बारीक, खोकणारा माणूस. प्रश्न विचारला की आधी चहाचा पेला बाजूला ठेवायचा आणि तो गार होईपर्यंत विचार करायचा.

"प्रार्थनाघरात तोराहची पवित्र पोथी वाचायला तुला काय नावाने बोलावतात?" त्यांनी विचारलं.

"फायविश, मोर्दखेचा मुलगा."

"हे झालं चुलीपाशी हाक मारायचं नाव. पवित्र भाषेतलं, हिब्रूतलं?"

"एवढंच आहे, रब्बी."

"एवढंच नसतं रे. साबणवाल्याचं श्रागा-फायविश आहे. श्रागा म्हणजे दिवा. फायविशच्या जोडीला बहुतेक ठिकाणी तेच लावतात. पण बहुतेक ठिकाणी म्हणजे सगळीकडे नव्हे. तुझं नाव कोणावरून ठेवलं?"

"आईच्या वडिलांवरून."

माझ्या या पणजोबांविषयी घरात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. ते कापड विकायला रादोशिनच्या जत्रेला गेले आणि तिथेच कॉलराने गेले. आजी तेव्हा चार वर्षांची होती. घराला पुढे आग लागली, तीत कागद गेले. एवढंच माहीत होतं की रादोशिनच्या लोकांनी त्यांना आपल्या कब्रस्तानात जागा दिली आणि नंतर कोणा नातलगाने वर दगड बसवला.

"मग जा आणि दगड वाच," रब्बी म्हणाले. "त्यावर श्रागा सोडून दुसरं काही असेल, तर ते तुझंही पवित्र नाव. मग तुम्ही दोघं वेगळे. लग्न मी स्वतः लावीन."

"आणि श्रागाच असलं तर?"

"तर परत ये. आपण बसून बघू."

रादोशिन आमच्यापासून बावीस कोस. गाडीने जायला एक दिवस, यायला एक दिवस.

मामा नाचत घरी आला. आजीने मात्र ऐकून कपाळाला हात लावला. ती वाईट बाई नव्हती. तिला मिंडल आवडतही होती. पण ती म्हणाली, "कॉलराच्या कबरीपाशी जाऊन नाव उकरणार? निजलेल्याला कशाला जागं करतोस?"

"मग लोक करतात तसं जास्तीचं एखादं नाव जोडून घेऊ?"

"नाव जोडतात ते अंथरुणाला खिळलेल्याला, दूताला चकवायला! धडधाकट मुलाला आजाऱ्याचं नाव लावू? माझ्या बापाचं पुरेसं नाही तुला?"

तिने बडबड केली, पण जाऊ नको असं म्हटलं नाही. आई हे नेहमी जोर देऊन सांगायची. "अडवलं नाही हं तिने त्याला. पुढे लोक म्हणायला लागले की आईने अडवलं. तोही त्यांना तसं म्हणू द्यायचा."

आधी रस्ते चिखलाचे होते. चिखल सुकला तेव्हा वल्हांडणाचा सण आला. मग शाळेची पुस्तकं आली, मग आजीला ताप आला, मग उन्हाळ्यात गाडीवाले सगळे पिकांच्या ओझ्यांना लागले. मिंडल विचारायची, "बांधणीवाले, पणजोबांना भेटून आलात का?" खरं तर ते मामाचे आजोबा, पण ती चिडवायला एक पिढी वाढवायची. "अजून एक पिढी थांबलात तर दगडावर शेवाळच वाचाल."

तो हसायचा. जाईन म्हणायचा. त्याच्या मनात काय होतं, ते मला त्यानेच कितीतरी वर्षांनी सांगितलं. "न जाण्यात एक सुख होतं गं," तो म्हणाला होता. "दगड बघितला नव्हता तोवर त्यावर काहीही लिहिलेलं असू शकत होतं. श्रागा दिसलं असतं तर संपलंच असतं की सगळं. रोज सकाळी वाटायचं, आज तरी अजून संपलेलं नाही."

शरद ऋतूत साबणवाल्याच्या मेहुण्याने ओडेसाचं एक स्थळ आणलं. धान्याच्या गोदामावरचा मुकादम, विधुर, मूलबाळ नसलेला. मिंडल दुकानात आली. त्या दिवशी तिने काही चिडवलं नाही.

"पुढच्या बुधवारी बाबा शब्द देणार आहेत," ती म्हणाली. "रविवारी निघालास तर मंगळवारी परत येशील."

तिने 'तू' म्हटलेलं त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "रविवारी नक्की."

आता मी पाहिलेला तुकडा. मी सहा वर्षांची होते. आम्ही मामाच्या समोरच राहायचो. रविवारी सकाळी युडका गाडीवाला गल्लीत आला. मी खिडकीत बसून होते, कारण त्याच्या घोड्याला मी दर वेळी पावाची साल द्यायची. मामा बाहेर आला. नवा कोट, हातात गाठोडं, आजीने दिलेला पाव आणि कांदे. त्याने गाठोडं गाडीत ठेवलं. एक पाय चाकाच्या आऱ्यावर ठेवला. आणि तसाच उभा राहिला.

"चढतोस की चाक धरून ठेवायला सांगितलंय कोणी?" युडका म्हणाला.

मामाने पाय खाली घेतला. "चुलीवर सरस राहिलाय," तो म्हणाला. "करपेल."

"तुझी बहीण बघेल की."

"सणाची पुस्तकंही राहिलीत. लोक खोळंबतील. पुढच्या आठवड्यात जाऊ."

युडका त्याच्याकडे बघत राहिला. "मला काय, मी परत जातो. पण ह्या घोड्याला काय सांगू? तो बिचारा तयार होऊन आलाय."

मामाने गाठोडं उचललं आणि आत गेला. मी धावत जाऊन घोड्याला साल दिली आणि मला वाटलं, आज बरं झालं, घोडा गावातच राहिला.

बुधवारी शब्द दिला गेला. लग्नाआधी नवऱ्या मुलीला प्रार्थनेचं नवं पुस्तक देतात. साबणवाल्याने ते बांधायला आणून दिलं, अर्थात मामाकडेच, दुसरा बांधणारा गावात होता कुठे? मखमलीची पाठ, कडांना सोनेरी मुलामा. मामाने ते एका दिवसात बांधून दिलं.

मग एकोणीस वर्षं गेली. आजी वारली. मामाच्या दाढीत पांढरं आलं. माझं लग्न झालं, पण त्याच गावात, त्यामुळे शब्बाथला तो आता माझ्या टेबलाशी बसायचा. कोणी स्थळ आणलं तर त्याच्याकडे नेहमी काहीतरी कारण असायचं.

रब्बी झोरख वारले त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाने वडिलांची पुस्तकं दुरुस्तीला पाठवली. तीन टोपल्या भरून. त्यांत एक जाड पुस्तक होतं, घटस्फोटाची कागदपत्रं लिहिणाऱ्यांसाठीचं. अशा कागदात नाव एका अक्षरानेही चुकून चालत नाही, म्हणून त्यात शेकडो नावं, त्यांची मुळं, ती कशी लिहायची, सगळं ओळीने दिलेलं. मामा शिवण उसवत होता आणि एक सुटं पान त्याच्या मांडीवर पडलं. पोट न बघणाऱ्या माणसाने त्या दिवशी पोट बघितलं, कारण पानाच्या वरच्या टोकाला त्याचं स्वतःचं नाव होतं.

तो ते पान घेऊन तसाच माझ्याकडे आला. मी पीठ चाळत होते.

"वाच," तो म्हणाला. "मला बरोबर कळलंय का सांग."

वडिलांनी मला पवित्र भाषेची अक्षरं शिकवली होती. मी बोट ठेवून वाचलं. फायविश हे नाव आपल्या भाषेचं नाही, आपल्या पूर्वजांनी ते रोमन लोकांच्या भाषेतून उचललं. मग दोन मतं. एक म्हणतं, ते त्या लोकांच्या सूर्याच्या नावावरून आलं, म्हणून त्याच्या जोडीला श्रागा, दिवा. दुसरं म्हणतं, ते त्या भाषेतल्या 'जिवंत' या शब्दावरून आलं, म्हणून त्याची खरी जोडी खायिम, म्हणजे जगणं. लोक पुढे मूळ विसरले आणि सगळ्याच फायविशांना दिवा लावत सुटले.

"म्हणजे एकाच हाकेची दोन नावं," मामा म्हणाला.

"हो. पण कडेला काहीतरी हाताने लिहिलंय."

रब्बींचं बारीक अक्षर होतं. शाई तपकिरी झालेली. मी वाचलं आणि मग ते मोठ्याने वाचावं की नाही, मला कळेना. मामाने माझ्याकडे बघितलं. मी वाचलं: "बांधणीवाल्या फायविशचं प्रकरण. दुसऱ्या मताच्या आधाराने परवानगी देता येईल, दगडावर नाव नसलं तरीही. मुलगा परत फिरकला नाही. मन बदललं असावं."

मामा स्टुलावर बसला. चाळणी माझ्या हातातच राहिली. "बोलवायचं तरी त्यांनी," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मामा, घर तीन गल्ल्यांवर होतं. तू जायचंस."

असं बोलायला नको होतं. पण बोलून गेले.

वल्हांडणानंतर मीच गाडी ठरवली आणि मीच त्याच्याबरोबर बसले, म्हणजे पाय खाली घ्यायला जागा नको. रादोशिनचं कब्रस्तान टेकडीवर होतं. राखणदाराची बायको आमच्यापुढे शेळ्या हाकलत चालली. "कॉलराचे ना? ते त्या कोपऱ्यात. तिकडे कोणी येत नाही, म्हणून गवत चांगलं आहे," ती म्हणाली. दुपारपर्यंत आम्ही दगडामागून दगड बघितले. सापडला तो अर्धा जमिनीत गेला होता. मामाने कोटाच्या खिशातून दाभण काढली आणि एकेक अक्षर कोरून साफ केलं, पुस्तकाच्या पाठीवरचं जुनं सोनं काढावं तसं, जपून.

"येथे विसावला आहे सरळ मार्गाचा एक माणूस, खायिम, ज्याला फायविश म्हणत, वय वर्षे तीस."

मामाने ते तीनदा वाचलं. मग म्हणाला, "नाव जगणं, आणि माणूस तिसाव्या वर्षी गेला." दाभण खिशात ठेवत म्हणाला, "मी खायिम होतो गं." परतीच्या वाटेवर आम्ही कांदा-पाव खाल्ला आणि शेळ्यावाल्या बाईने दिलेलं ताक प्यायलो.

त्याच वर्षी पानगळीत साबणवाला वारला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, वर्षश्राद्धाची मेणबत्ती लावायला मिंडल ओडेसाहून आली. अंगाने भरलेली, डोक्यावर शहरी टोपी, हात आता गोरे. ती माझ्याकडे चहाला आली. मामा येणार हे तिला ठाऊक होतं आणि ती येणार हे मामाला. मी दोघांना चहा आणि आंबट चेरीचा मुरांबा दिला आणि उठायला लागले, तर मामा म्हणाला, "बस तू."

त्याने तिच्या मुलांची चौकशी केली. दोन मुलगे. नवरा? बरा आहे, गोदामातल्या धुळीने खोकतो. समुद्र? समुद्र आहे जागच्या जागी. मग मामाने पेला बाजूला ठेवला.

"मी दगड बघून आलो, मिंडल."

"कुठला दगड?"

"आजोबांचा. रादोशिनचा. त्यावर खायिम होतं. श्रागा नव्हतं. आणि रब्बींनी तर लिहून ठेवलं होतं की दगड नसता तरी चाललं असतं. आपल्याला काही आडवं येत नव्हतं. काहीच नव्हतं गं."

हे सांगून तिला बरं वाटेल, असं त्याला का वाटलं देव जाणे. की नियतीने दोघांना सारखंच फसवलं, असं त्याला तिच्या तोंडून ऐकायचं होतं? मिंडलने चमचा खाली ठेवला.

"दगडावर काय लिहिलंय ते मला कधी हवं होतं?" ती म्हणाली. "श्रागा निघालं असतं तर मी तुझ्याबरोबर दुसऱ्या गावी आले असते. तिथले रब्बी एवढं बघत नाहीत. माझी पेटी भरलेली होती. त्या रविवारी मी पुलापाशी उभी होते. युडकाची गाडी तुला घेऊन पूल ओलांडते की नाही, एवढंच मला बघायचं होतं. गाडी आलीच नाही."

"सरस चुलीवर होता," मामा म्हणाला. ते इतकं हळू म्हणाला, की ती त्यावर रागावूही शकली नाही.

"माहीत आहे. युडकाने सांगितलं." तिने माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "म्हणाला, घोडा तरी तयार होता."

चहा संपला. उठताना तिने मामाच्या बाहीवरची वाळलेली खळ नखाने खरवडून काढली, आणि पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारत ती म्हणाली, "मी वाईट नाही जगले, फायविश. तुलाही कोणी जगू नको म्हटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मामा निरोप द्यायला गेला नाही. मी गेले. तिने खिडकीतून एवढंच विचारलं, "तुमच्याकडे जेवतो ना तो?" मी म्हटलं, दर शब्बाथला. "मासा देत जा," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

पुढे मामा युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात टायफसने गेला. शेवटची वर्षं तो तोराहसमोर खायिम-फायविश म्हणून उभा राहायचा. नव्या रब्बींनी त्यासाठी काही खळखळ केली नाही. पहिल्यांदा ते नाव पुकारलं गेलं तेव्हा लोक इकडेतिकडे बघायला लागले, हा कोण नवा पाहुणा आलाय म्हणून. मामा आपल्या बाकावरून उठला आणि चालत पुढे गेला, अगदी सावकाश. वर बायकांच्या सज्ज्यात माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या आईने रुमाल तोंडावर धरला आणि ती म्हणाली, "एवढंच तर होतं. उठायचं आणि चालायला लागायचं."